कमानीचा सुरा

दर्यापूर, पौष वद्य पंचमी, शुक्रवार

आज बाबांच्या हातचा सुरा तडकला. जुन्या कानशींपासून केलेल्या सुऱ्यांना कडक करायला त्यांनी जन्मभर लाल तापवून पाणीच पाजलं, एकालाही कधी चीर गेली नाही. पण आजचा सुरा मोटारीच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा. या पोलादात आणखी काहीबाही मिसळलेलं असतं, त्याला तेलच लागतं. मी म्हटलंही, "बाबा, तेलात बुडवा."

"लोहाराच्या घरी पोलादाले पानीच पाजतेत!"

लाल पातं पाण्यात गेलं आणि टिक्‌कन वाजलं. केवढासा आवाज! मी बोललो नसतो, तर त्यांनी हट्ट केला नसता का?

आता जेवताना मी तांब्या पुढे केला, तो ताटाला लागून तसाच वाजला. बाबा दचकले. स्वतःच्या हाताकडे पाहत म्हणाले, "याचंच पानी उतरलं रे."