नाट्यगृहातलं लग्न आणि माझा शांत स्वभाव

३ फेब्रुवारी, सोमवार
जुनं नाट्यगृह मिळालं! कित्येक वर्षं बंद होतं, आता डागडुजी होऊन झकास उभं आहे. लेकीचं लग्न तिथे, थेट रंगमंचावर. लेक म्हणाली, चालेल, पण बाबांनी आरडाओरडा करायचा नाही. नाहीतर ती सरळ रजिस्टर ऑफिसात सही करून मोकळी होणार. मी कधी आरडाओरडा करतो? एवढंच विचारलं, तर आमची ही कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली.
संकल्प: लग्नापर्यंत आवाज चढवायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
व्यवस्थापक भेटला. प्रत्येक वाक्याआधी 'हात लावू नका'. भिंतीला खिळा नको, कठड्याला फुलं नकोत, गालिच्यावर सरबत नको. खुर्च्या जमिनीत पक्क्या. म्हटलं, पाहुण्यांनी श्वास घेतलेला चालेल का? तो म्हणतो, मी किंचाळलो. अहो, त्या मंचावर कुजबुजलं तरी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत ऐकू जातं. दोष वास्तूचा.
संकल्प उद्यापासून.

८ फेब्रुवारी, शनिवार
लग्नाची पहिली तालीम. प्रत्येकाची जागा खडूनं फुली मारून आखली. व्याही आपली फुली सोडून विंगेत चहा पीत उभे! वरून हसत विचारतात, लग्नाला तालीम कशाला? तरुणपणी याच मंचावर एका नाटकात मी पहारेकरी होतो. दोन वाक्यं होती, दिग्दर्शकानं आकसानं कापली. मला विचारा तालीम म्हणजे काय ते. जावयाला तर नीट चालताही येत नाही. मी त्याच्या अंगावर खेकसलो, असं हिचं म्हणणं. खेकसलो नाही, दिग्दर्शन केलं. घरी येताना लेक रिक्षातून बाहेरच बघत बसली. मनोमन पाठ करत असावी.

१० फेब्रुवारी, सोमवार
लेकीनं विचारलं, अगदी घरच्या चार माणसांत केलं तर? मग बाल्कनीत कोण बसणार, भुतं? टेबलावर मूठ आपटली. ग्लास फुटला. मुळात ग्लासच हलका होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
संताप संताप! आज पूर्ण पोशाखातली तालीम आणि कुत्रंसुद्धा आलं नाही. लेक नाही, जावई नाही, व्याही नाहीत. सगळ्यांचे फोन बंद. शेवटी मी, लाइटवाला आणि हात-लावू-नका अशा तिघांत लग्न लावून पाहिलं. नवरी म्हणून लाइटवाला बरा उभा राहिला, पण लाजेना. त्याच्यावरही ओरडावं लागलं. घरी आलो तर मायलेकी नवे कपडे घालून केक खात बसलेल्या. खरेदीला गेलो होतो म्हणे. या घरात लग्नाची काळजी मला एकट्याला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
लग्न दणक्यात. किरकोळ घोळ. जावई उजव्या विंगेऐवजी डावीकडून उगवला. मी अगदी दबक्या आवाजात 'गाढवा' म्हणालो, तर अख्खी बाल्कनी खो-खो हसली. व्याही फुलीवर नव्हतेच. मग मात्र मंचावर जाऊन सगळ्यांना झाडलं, विहीणबाईंसकट. कोणी तरी टाळ्याही वाजवल्या. नवल म्हणजे लेक चिडली नाही, रडली नाही. उलट माझा हात धरून मला फोटोसाठी मधे उभं केलं. शेवटी तिला माझी शिस्त पटली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी चहा घेताना हिला म्हटलं, बघ, रजिस्टर ऑफिसाच्या बाता मारणारी पोरगी शेवटी मंचावर उभी राहिलीच ना! ही बशी पुसत म्हणाली, लग्न गुरुवारीच झालं. तिथेच, रजिस्टर ऑफिसात. ही होती, व्याही-विहीणबाई होते, लेकीची एक मैत्रीण होती. कोणी कोणावर ओरडलं नाही. सही करताना लेक छान हसली, आणि बाहेर आल्यावर पायरीवर बसून रडली. बाबा हवे होते म्हणाली.
मग कालचं काय होतं, मी विचारलं. तर म्हणे, लेकीनंच सांगितलं, बाबांची एवढी हौस आहे, तेही होऊ दे.
भयंकर राग आला. घर डोक्यावर घ्यायचं म्हणून उठलो, तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा बसलाय. डोळ्यांतूनही सारखं पाणी येतंय. त्या नाट्यगृहात धूळ फार. व्यवस्थापकाला सांगायला हवं. हळू आवाजात.