चाळणीवर उरलेलं

४ मार्च
लागले बाई नोकरीला! या वयात लोकांचे पाय दुखतात, माझं तोंड दुखत नाही. म्हणून घराला शांतता मिळावी यासाठी सुनेनं मला खततपासणीच्या प्रयोगशाळेत चिकटवलं. ती इथे बाटल्यांवर नंबर लिहिते. ही वहीही दुपारच्या सुट्टीत तीच लिहितेय, कारण मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. माझ्या शिव्या ती गाळते, ठाऊक आहे मला. गाळू नकोस गं.

खोली झकास. मोठं टेबल, पितळी चाळण, दगडी खल. पोत्यातलं खत कागदावर ओतून ढीग करायचा, ढिगाचे चार वाटे करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे दोन बाजूला. ठेवलेले कालवून पुन्हा चार वाटे. मूठभर उरलं की कुटून चाळायचं. भिंतीवर नियम टांगलाय, सुनेनं वाचून दाखवला: चाळणीवर उरेल ते फेकू नये, पुन्हा कुटावं, शेवटचा कण खाली गेला पाहिजे. नाहीतर तपास खोटा. जन्मभर मी कोंडा वेगळा काढला, इथे कोंडाही पिठातच!

६ मार्च
खुंटीवरचा एप्रन माझ्या आधीच्या बाईचा. तीही माझ्यासारखीच अंगठेबहाद्दर. समोरचा दात अर्धा तुटलेला, तरी तोंड भरून हसायची, असं सून सांगते. हाडांच्या खताच्या कारखान्यात नमुना आणायला गेली आणि तिथूनच नोकरी सोडून गेली, असं साहेब म्हणतात. जेवणाचा डबा मात्र फळीवर तसाच. डबा टाकून कुठली बाई जाते?

११ मार्च
आज त्याच कारखान्याचं पोतं आलं. साहेब हळूच सांगून गेले, याचं वर उरेल ते केरात टाका. सून म्हणाली, कारखाना साहेबांच्या मेव्हण्याचा. मग कळलं! वाळू वर राहणार, हाडं खाली जाणार, आणि कागदावर खत उत्तम. शेतकऱ्यानं काय वाळू पेरायची? मेल्यांनो, मी चाळणीला हात घातलाय तो खोटं चाळायला नाही. सगळं कुटलं. खड्यांत दातासारखं काहीतरी होतं. जनावराचं असेल म्हणून तेही कुटलं. नियम म्हणजे नियम.

१२ मार्च
काल चाळण पुसून ठेवली होती. आज तिच्यावर एक दात. अर्धा तुटलेला. बाजूला एक दाढ. सुनेनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. तिचाच, म्हणाली.

म्हणजे काल मी तिला— माझ्या या हातांनी—

हात तीनदा धुतले. राग जात नाही.

१३ मार्च
चाळणीवर आता नऊ दात झाले.

साहेबांना तोंडावर विचारलं, ती कुठे आहे? हसले. तुम्ही वयानं मोठ्या, आराम करा, म्हणाले. वर उरलेलं माझ्याकडे द्या, म्हणाले. मी म्हटलं, सगळं खाली गेलं. दात तिच्याच डब्यात लपवलेत. सून म्हणते, सासूबाई, नोकरी सोडू. सोडेन! आधी हे डबाभर खरं कुणाच्या तरी हातात देईन, मग सोडेन.

१४ मार्च
सकाळी पाहिलं तर डबा उघडा पडलेला. दात पुन्हा चाळणीवर. वरची ओळ पुरी. खालची—

मी लावलेले नाहीत. सुनेनंही नाही. हात लावला तर ऊन लागतात.

भीती वाटते. पण त्याहून जास्त संताप. माझा की तिचा, कळत नाही.

१५ मार्च
डबा घेऊन निघालो, तर साहेबांनी दार बाहेरून लावलं. दोघी आत. बाहेर मेव्हण्याचा आवाज. गाडी मागे घेतायत. पोती रिकामी करा, म्हणतोय—

लिही गं.

चाळण हलतेय. कुणी धरलेली नाही. भुकटी वर येतेय, खालून वर— ओठ— दात उघडले—

थांब, सूनबाई. आता मी सांगत नाहीये. ही सांगतेय. हिलाही अक्षर येत नव्हतं, हिचं कुणी लिहूनच घेतलं नाही. म्हणते तसंच लिही, एक शब्द गाळू नकोस.

मी नोकरी सोडली नाही. यांना पोत्यात वाळू भरताना पाहिलं, म्हणून मला—