सुरणात घालायची राहिलेली चिंच

मंगळवार, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

सासूबाईंचा घसा अजून खवखवतोय. सुरणाच्या भाजीत मी चिंच घालायला विसरलो. मी! वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. सुरणाच्या पेशींतल्या, घशाला टोचणाऱ्या त्या बारीक सुया दर वर्षी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. सुरणाचंच भावंड शेवळ, तेही काकडाच्या आंबट फळांशिवाय कुणी शिजवत नाही, हेही वर्गात सांगायचो. आणि चिंचेची बरणी डोळ्यांसमोर होती.

सुनंदा आमच्या लेकीच्या बाळंतपणासाठी वाघोलीला गेलीय. आठ दिवस झाले, स्वयंपाक माझ्याकडे. मूळव्याधीला बरा म्हणून सासूबाईंसाठी मुद्दाम सुरण आणला. त्यांनी वाटीभर भाजी संपवली. मग मी जेवायला बसलो, आणि पहिल्याच घासाला जीभ चरचरली.

ताक दिलं, कोकमाचं पाणी दिलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, श्वासाला त्रास नाही ना, मग नुसतं लक्ष ठेवा. ओठ सुजलेत का? दर पाच मिनिटांनी डोकावतोय. चौऱ्याऐंशी वय. एक चिंचेचं बुटुक, बस्स!

"आई, अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या हौसेनं वाढत होतात, श्रीधरराव."

आता वेगळीच धास्ती. गेले आठ दिवस माझ्या हातचं आणखी काय काय गिळलंय त्यांनी, न बोलता?