मीनूची चार पावलं

मंगळवार, सायंकाळ

आज मीनूच्या अपंगत्वाच्या दाखल्याची फेरतपासणी होती. टक्के घटले तर परळच्या दवाखान्यातले मोफत उपचार थांबतील, या धास्तीने मी लेकीला बजावलं होतं, "आत चालून दाखवू नकोस." मीच!

डॉक्टरबाई दिसताच ती चाकाच्या खुर्चीतून उठली. चार पावलं टाकली. "बाबा नको म्हणाले, पण मला येतं!"

मला मान वर करवेना. बाई हसल्या. "अहो, चार पावलांनी दाखला जात नाही. अजून बरंच चालायचंय तिला. उपचार चालूच राहतील." देव त्यांचं भलं करो.

चार पावलं. वर्षभर देवाकडे मागितलेली, आणि आज सकाळी नकोत म्हणून विनवलेली.

घरी दिवा लावला. मागायला काही सुचेना, नुसता हात जोडून थांबलो. मीनू भिंत धरत आली, शेजारी उभी राहिली.