सगळ्यात लहान गोळी

मंगळवार, ४ मार्च

नऊ एमएम, अडतीस, तीनशे ऐंशी, पंचेचाळीस — डोकं भणभणलं! पर्व्हिसच्या बंदुकांच्या दुकानात चार पुरुषांनी गोळीच्या मापाबद्दल चार सल्ले दिले, आणि चौघेही आपापल्या जागी ठाम. मी काय विचारलं होतं? रोज अंगावर बाळगता येईल, पार्लरमध्ये एप्रनखाली दिसणार नाही, असं पिस्तूल दाखवा. आणि सगळ्यात लहान गोळीचं कुठलं?

पर्व्हिस हसला. "ग्लेना, लोक येऊन मोठ्यात मोठी मागतात. लहान मागणारी तू पहिलीच."

काचेवर काडतुसं ओळीनं उभी केली त्यानं. "हे पंचेचाळीस. बैल आहे बैल. हे नऊ एमएम, सगळं जग हेच वापरतं. हे तीनशे ऐंशी, नऊची धाकटी बहीण. अंगानं तेवढीच जाड, पण बुटकी. हे बत्तीस. आणि हे बावीस, खारी मारायला." खारी मीही मारल्यात, लहानपणी, बाबांच्या रायफलनं. इथे केंटकीच्या डोंगरात कोणी नाही मारल्या? पण पिस्तूल अंगावर कधी बाळगलं नाही.

"भीती कोणाची वाटते?" त्यानं विचारलं. म्हटलं, एकटी राहते ना.

इथे तरी खरं लिहू. वेस्लीची. माझ्या पोटच्या मुलाची. एकोणतीस वर्षांचा घोडा. गेल्या गुरुवारी पार्लर बंद करताना मागच्या दाराशी उभा होता. गाडीची किल्ली मागितली. नाही म्हटलं, तर मनगट असं पिरगळलं की मी गुडघ्यांवर आले. त्या डोळ्यांत माझा वेस्ली नव्हताच. मेथ ड्रगची ती नशा तेवढी होती. गाडी दुसऱ्या दिवशी नदीकाठी सापडली. तो नाही.

पुढच्या वेळी काय पिरगळेल?

म्हणून लहान गोळी. लागली की थांबेल, पण मरणार नाही. असेलच ना अशी एखादी!

बुधवार, ५ मार्च

मनगट सुजलंय. गिऱ्हाइकांना सांगितलं, बाथरूममध्ये घसरले.

शनिवार, ८ मार्च

डॉयलकडे गेले. माझा थोरला भाऊ — त्याच्या मते पंचेचाळीसच्या खालची सगळी खेळणी. शेताच्या टोकाला रंगाचे रिकामे डबे मांडले, आपलं पिस्तूल हातात दिलं. केवढं जड! एक गोळी झाडली. डबा जागच्या जागी, आणि माझं मनगट खांद्यात शिरलं असं वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"मला लहान हवीय," म्हटलं.

"लहान गोळीनं माणूस थांबत नाही, ग्लेना. चिडतो." मग त्यानं माझी बाही वर सारली. निळे डाग बघितले. पाच. "बाथरूमला बोटं असतात का गं?"

मी बाही खाली ओढली. कोणाची बोटं, ते त्याला कळलंच. वेस्लीला मासे धरायला यानंच शिकवलं. गळाला किडा लावताना रडायचा पोरगा — किड्याला दुखतं म्हणून — तर मामा मक्याचे दाणे लावून द्यायचा.

निघताना म्हणाला, "पंचेचाळीसच घे." पण माझ्याकडे न बघता.

गुरुवार, १३ मार्च

मॅक्सीनबाई केस सेट करायला आल्या. ब्याऐंशी वर्षांच्या. बंदुकीचा विषय त्यांच्यापर्यंत पोचलेलाच होता — या गावात सर्दीसुद्धा लपत नाही. मी रोलर लावत असताना त्यांनी पर्समधून अडतीसचं रिव्हॉल्व्हर काढलं, पेपरमिंटच्या गोळ्यांसकट!

"लग्नाच्या वाढदिवसाला दिलं होतं यांनी. मी अंगठी मागितली होती."

"कधी चालवलंत?"

"एकदा. रेडिओवर. लागली!"

इतकी हसले की त्यांचा कान चिमट्यात आला. किती दिवसांनी हसले.

शनिवार, १५ मार्च

आज बायकांच्या नेमबाजीच्या वर्गात गेले. शिकवणारी ओडेसा ट्रिंबल, तुरुंगात वॉर्डन होती, आता निवृत्त. आवाज असा की कानावरच्या संरक्षकातूनही आरपार. पहिलंच वाक्य: "कितीजणींना नवऱ्यानं, भावानं, मेहुण्यानं कॅलिबर, गोळीचं माप, सांगून पाठवलंय?" सगळ्यांचे हात वर. "खाली घ्या. ते इथे नाहीत. आज तुमचे हात बघू."

माझा हात खरंच धरून बघितला. पंजा, अंगठ्याचं मूळ, मनगट. "कात्री?" "तीस वर्षं." "मग बोटांत ताकद आहे, अंगठा गेलाय. स्लाइड कशी ओढायची ते शिकवते." स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग. मी अंगठा नि एका बोटाच्या चिमटीनं ओढत होते, म्हणून जमत नव्हतं. अख्ख्या मुठीनं धरायची आणि खालचा हात पुढे ढकलायचा. सरकली!

बावीसनं सुरुवात केली. मग तीनशे ऐंशी. मग इवलंसं नऊ एमएम, त्यानं मात्र लाथ मारली. ओडेसा म्हणाली, हलकं पिस्तूल जास्त उडतं. लहान दिसतं म्हणून बायकांच्या गळ्यात मारतात. हे चार पुरुषांपैकी कोणी बोललं नव्हतं!

तीनशे ऐंशीनं माझ्या गोळ्या कागदावर एका बशीत मावतील एवढ्यात बसल्या. ओडेसानं सगळ्यांना बोलावून दाखवलं. मी! ग्लेना रकर्ट, वय एकसष्ट! येताना गाडीत एकटीच गात आले.

बुधवार, १९ मार्च

वेस्लीचा फोन. शुद्धीत होता. "आई, मनगट कसंय?" मी विचारलं, कुठे आहेस, जेवलास का? फोन बंद.

शनिवार, २२ मार्च

आज सगळं बोलून बसले.

वर्ग संपल्यावर मी ओडेसाला म्हटलं, "बाई, एक विचारते. बत्तीस घेतली, किंवा बावीसच, आणि पायात मारली, तर माणूस नुसता थांबेल ना?"

ती काडतुसं डब्यात भरत होती. हात थांबला. मला बाहेर नेलं, आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसवलं, थर्मासमधली कॉफी दिली. "कोण आहे?"

"कोणी नाही."

"चोराच्या पायाची कोणी एवढी काळजी करत नाही."

मग म्हटलं. मुलगा. हा शब्द उच्चारला आणि रडायलाच लागले, नाक पुसायला काही नाही, तर तिनं बंदूक पुसायचं फडकं दिलं. तेलाचा वास! त्यातच वेस्लीचं सगळं सांगितलं.

ती म्हणाली — जसंच्या तसं आठवतंय — "ग्लेना, थांबवेल पण मारणार नाही अशी गोळी अजून कोणी बनवलेली नाही. बावीसनं मेलेली माणसं मी बघितलीत. मांडीत लागून मेलेला बघितलाय. पायात केवढी मोठी शीर असते. आणि पंचेचाळीस लागून चालत दवाखान्यात गेलेलाही बघितलाय. कॅलिबर बघून दयामाया ठरत नसते. पिस्तूल बाहेर काढायचं तर समोरचा मेला तरी चालेल, असाच प्रसंग असला पाहिजे. तुझा तसा आहे?"

मी मान हलवली. नाही.

"मग त्याच्यापुढे ते तुझ्या हातात एक क्षण राहील. दुसऱ्या क्षणी त्याच्या हातात असेल." मग म्हणाली, "तुरुंगात माझ्यासमोरून शेकडो वेस्ली गेले गं. आया काचेपलीकडे बसायच्या. मी शपथ घेऊन सांगते, त्यातले काही सुधारले. आपल्या राज्यात कायदा आहे, घरच्यांनी कोर्टात अर्ज केला तर न्यायाधीश व्यसनी माणसाला सक्तीनं उपचाराला पाठवू शकतात. तुला कोणी सांगितलं नाही?"

नाही. पिस्तुलाबद्दल सगळ्यांनी सांगितलं. हे कोणी नाही.

रविवार, २३ मार्च

चर्चला गेले नाही. दिवसभर घेवडा शिजत ठेवला आणि विचार करत बसले. अर्ज केला तर तो मला कधी माफ करणार नाही. नाही केला तर माफ करायला तो उरणार नाही.

करणार.

गुरुवार, २७ मार्च

अर्ज दिला. ओडेसा सोबत आली. पार्लरच्या मागच्या दाराला नवं कुलूप आणि दिवा तिनंच बसवून घेतला.

शनिवार, २९ मार्च

डॉयल तणतणत आला. भर पार्लरमध्ये, मॅक्सीनबाईंचं डोकं बेसिनमध्ये असताना! "सख्ख्या पोराला कोर्टात खेचतेस? आपल्या घरात असं कधी झालं नाही!"

मी नळ बंद केला. "तू मला पंचेचाळीस घ्यायला सांगत होतास, डॉयल. कोणासाठी?"

त्यानं टोपी काढली.

"सांग की! गोळी घातलेली तुला चालत होती. कोर्टात नेलेलं चालत नाही?"

टोपी हातात घेऊन तिथेच खुर्चीवर बसला, ड्रायरखाली. साठी उलटलेला माणूस — खांदे हलत होते. बेसिनमधून मॅक्सीनबाई म्हणाल्या, "पोरा, रडून झालं की जरा टॉवेल दे. पाणी मानेत जातंय."

गुरुवार, १० एप्रिल

सुनावणी. आधी दोघा डॉक्टरांनी त्याला तपासलं होतं. शेरीफच्या माणसांनी आणलं. किती वाळलाय! दात गेलेत बाजूचे. मी साक्ष देताना माझ्याकडे बघत होता. न्यायाधीशबाईंनी उपचाराचा हुकूम दिला, तसा तो ओरडला, "तू माझी आई नाहीस!"

डॉयल माझ्या शेजारी होता. तो उठून म्हणाला, "आहे रे. तीच आहे." न्यायाधीशबाईंनी त्याला खाली बसायला सांगितलं.

केंद्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. जागा आजच मिळाली. बाहेर आले तर रेडबडची झाडं फुलून गुलाबी झालेली, आणि वर परत थंडी. दरवर्षीचंच. यंदा मात्र उभी राहून बघितली. आज रात्री तो कुठे आहे, हे मला माहीत आहे. किती वर्षांत माहीत नव्हतं.

रविवार, ११ मे

मदर्स डे. केंद्रातून फोन करू दिला. "आई." "बोल." "इथलं कॉर्नब्रेड गोड असतं. साखर घालतात." "शी!" म्हटलं. आमच्याकडे मक्याच्या या पावात कोणी साखर घालत नाही. तोही "शी!" म्हणाला. या वेळी फोन त्यानं ठेवला नाही. मीही नाही.

शनिवार, १७ मे

आज घेतलं. तीनशे ऐंशी.

इतके आठवडे का थांबले होते? वेस्ली डोळ्यांपुढून हलल्याशिवाय मला निवडताच येईना. आता हलला. आता उरते ती एकटी बाई, गावाबाहेरचं पार्लर, हिवाळ्यात लवकर होणारा अंधार. ओडेसाला हे सांगितलं. ती म्हणाली, "आता बरोबर कारणासाठी घेतेस." गोळी म्हणून नऊ एमएम सरस, हेही तिनं स्पष्ट सांगितलं. पण माझ्या अंगठ्याला ती स्लाइड पाचव्यांदा ओढवत नाही. या तीनशे ऐंशीची लोण्यासारखी सरकते. पिस्तूल अगदी चिमुकलं नाही, म्हणून उडत नाही. एप्रनखाली बसतं. गोळ्या हव्या तिथे जातात. झालं!

पर्व्हिस म्हणाला, "त्या दिवशी सगळ्यात लहान मागत होतीस."

"आज हाताला झेपणारं मागतेय."

डॉयलनं उलटंपालटं करून बघितलं. काहीतरी बोलणार होता. ओडेसानं त्याच्याकडे बघितलं. "छान आहे," म्हणाला!

शुक्रवार, ३० मे

रोज लावते कमरेला. पहिले दिवस वाटायचं, सगळे तिथेच बघतायत. आता वाकून केर भरतानाही आठवत नाही. दर शनिवारी नेमबाजी. नव्या बायकांना स्लाइड ओढायला आता मीच शिकवते.

बुधवार, ११ जून

वेस्लीचा फोन. शुक्रवारी सोडतायत. मी म्हटलं, घरी ये, मामा न्यायला येईल. तो म्हणाला, "आई, घरात बंदूक आहे?"

म्हटलं, "आहे. का?"

"असली तर मी नाही येत. तुझ्यासाठी नाही गं. माझ्यासाठी. हिवाळ्यात मी दोनदा मामाच्या बंदुकांच्या कपाटापर्यंत जाऊन आलोय. कुलूप होतं म्हणून वाचलो."

ओडेसा आत्ताच येऊन माझं पिस्तूल घेऊन गेली. डॉयलच्या सगळ्या बंदुकाही ट्रकमध्ये भरून घेतल्या. डॉयल स्वतः एकेक उचलून देत होता.

वेस्लीच्या खोलीच्या खिडक्या उघडल्यात. कॉर्नब्रेडला मक्याचं पीठ आणायचंय. साखर नाही.