बाळाचं रक्त आणि माझं जनुक

लातूर, मंगळवार संध्याकाळ

हैदराबादच्या डॉक्टरांचा फोन आला. बाळाच्या अंगात रक्त का तयार होत नाही, ते कळलं. आरपीएस-१९ नावाच्या जनुकात दोष आहे आणि तोच माझ्यातही सापडलाय. माझ्यात? मी तर धडधाकट. पण काहींना दोष असूनही त्रास होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोज क्लासमध्ये मुलांना रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना, शिकवते, आणि या दोषामुळे त्याचंच एक प्रथिन माझ्या बाळात पुरेसं बनत नाही.

आईला सांगितलं. बाळाचे पांढरे तळहात चोळत ती म्हणाली, "तुझा धाकटा भाऊबी असाच पांढराफटक होता. भूकंपात गेला, मग कुणी इचारच केला न्हाई."

ते तळहात. दिवसभर तेच दिसताहेत.

"म्हंजी माझ्याकडूनच आलं का गं?"

नाही म्हणायचं होतं. "तुझंही रक्त तपासावं लागेल," एवढंच म्हणाले. तिनं बांगड्या वर सारल्या आणि तिथंच हात पुढं केला.