पाठमोरं शुद्धलेखन

३ फेब्रुवारी १९६६
वसंताने कचेरीतून आल्याआल्या फर्मान काढलं. कुसुम चौथीला नापास झाली की शाळा बंद, घरी बसून भाकऱ्या शिकेल. भाचा असला म्हणून मी ऐकून घेणार नाही. म्हटलं, तुझी मुलगी बहिरी आहे, मठ्ठ नाही. मठ्ठ घरात दुसरंच कुणी आहे.
गणितात पैकीच्या पैकी, शुद्धलेखनात भोपळा. मास्तर वर्गात फेऱ्या मारत शुद्धलेखन घालतात. ही ओठ वाचते. पाठीवर ओठ असतात का?

१० फेब्रु.
रोज एक तास. मी बोलते, ती लिहिते. आज दहा ओळींत एकच चूक. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या आवाजाचं कौतुक झालं. हिला त्याचा काय उपयोग.
कुसुम स्वतः बोलते मात्र अख्ख्या डोकमर्डी गावाला ऐकू जाईल असं. दटावते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, मुलीचा आवाज पुढच्या बाकापलीकडे जाऊ नये.

२४ फेब्रु.
पोस्टमनला सहज चार ओळी वाचायला लावल्या. कुसुमने एक शब्द लिहिला नाही. मिशा!
चूक माझी. इतके दिवस हिला फक्त माझं तोंड शिकवलं.

२ मार्च
पोस्टमन, कंपाउंडर, समोरच्या गुजराती बेन. येईल त्याच्या हाती पुस्तक. वसंता म्हणतो, "आत्या, लोक हसतात." हसू देत. हसरी तोंडंही वाचायला शिकेल.

१५ मार्च
हेडमास्तरांना भेटले. परीक्षकांनी एका जागी उभं राहावं, एवढंच मागितलं. "बाई, एकीला सवलत दिली तर उद्या सगळेच मागतील." विचारलं, काय मागतील, बहिरेपण? पुढचा बाक दिला. उपकार.

४ एप्रिल
परीक्षक बाहेरगावचे. मिशा नाहीत. दोन ओळी समोर उभं राहून घातल्या, मग निघाले मागे. मी खिडकीबाहेर. कुसुमने माझ्याकडे पाहिलं. शब्द मला स्वच्छ ऐकू येत होते. नुसते ओठ हलवले असते तर...
हलवले नाहीत. शिस्त की भीती, कोण जाणे.
ती उभी राहिली. त्याच मोठ्या आवाजात, "गुरुजी, तोंड इकडे करा."
शिपायाने माझ्या तोंडावर खिडकी लावली.
घरी येताना विचारलं. म्हणाली, गुरुजी पुढे आले, शेवटपर्यंत तिथेच उभे राहिले. पेपर घेताना वर लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.
"काय लिहिलं?"
"मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते."
रस्ताभर मोठ्याने बोलत होती. दटावलं नाही.